रंग वाळेपर्यंत

हर्षचं अठरावं संपलं आणि त्याला येलवाल गावाच्या पुढच्या इंजिनिअरिंग कॉलेजात प्रवेश मिळाला, तेव्हा घरात गाडीचा विषय निघणार हे त्याच्या आईला, मेघाश्रीला, ठाऊकच होतं. म्हणून तिने आधीच एक गाडी बघून ठेवली होती. ती ज्या शाळेच्या ऑफिसात काम करायची, तिथल्या ऋचा मॅडम नवऱ्याच्या बदलीमुळे पुण्याला परत चालल्या होत्या. त्यांची स्कूटर बरीच वापरलेली, एका बाजूला पोचे पडलेली, पण इंजिन ठणठणीत. मेघाश्रीने स्वतः शाळेच्या मैदानात फेऱ्या मारून पाहिली होती.

"पहिली गाडी पोरं पाडतातच," ती नवऱ्याला, विश्वेशला, म्हणाली. "जुनी असली की पडल्याचं वाईट वाटत नाही. उठायचं, कपडे झटकायचे, पुढे जायचं. वर्षभर ही चालवू दे, मग हवी ती घे."

विश्वेशला ते पटलं. त्याला बहुतेक गोष्टी पटायच्या. तो थोरल्या भावाच्या, मनोहररावांच्या, फ्लेक्स छापायच्या कारखान्यात सुपरवायझर होता. आजोबांपर्यंत हे घराणं लुगडी रंगवायचं, छापायचं. मनोहररावांनी तो बुडता धंदा आवरून मशिनं आणली आणि सगळ्या भावंडांना वर काढलं. विश्वेश-मेघाश्री राहत होते ते घरही त्यांनीच घेऊन दिलेलं. माणूस मनाने मोठा. स्वतःला मूलबाळ नाही, त्यामुळे सगळा जीव हर्षवर. हर्ष त्यांना कानडी पद्धतीने दोड्डप्पा म्हणायचा, म्हणजे मोठा काका.

स्कूटरची गोष्ट त्यांच्या कानावर गेली आणि रविवारी सकाळीच ते येऊन खुर्चीत बसले.

"नोडम्मा," ते मेघाश्रीला म्हणाले, "हे बघ, जुनी गाडी म्हणजे दुसऱ्याचं दुखणं आपल्या घरात आणायचं. ब्रेक कधी दगा देईल कुणाला ठाऊक? घरात एकच पोरगं, त्याला मी सेकंडहँडवर बसवू?"

"भावजी, तो अजून शिकतोय. नव्या गाडीचं त्याला दडपण येईल."

"दडपण कसलं? तू सुम्ने काळजी करतेस, उगाच. आजकालच्या नव्या गाड्यांचे ब्रेक बघ, चाक घसरूच देत नाहीत."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, तिथेच तिची अडचण झाली. तिने विश्वेशकडे पाहिलं. तो चहाच्या कपात बघत होता. हर्ष दारात उभा होता आणि त्याच्या तोंडावर असा काही उजेड पडला होता की तिच्याने पुढे बोलवेना. मनोहरराव गेल्यावर विश्वेश हळूच म्हणाला, "दादाला नको कसं म्हणायचं, तूच सांग." सोमवारी तिने ऋचा मॅडमना स्कूटर नको म्हणून कळवलं.

दसऱ्यातल्या आयुधपूजेच्या आधी गाडी आली. काळी मोटारसायकल, निळे पट्टे, सीटवरचं प्लॅस्टिकसुद्धा तसंच. मनोहररावांनी चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला, हर्षच्या मानेवर हात ठेवून म्हणाले, "जपून हं राजा. एक ओरखडा दिसला ना, तर बघ." आणि मोठ्याने हसले. सगळेच हसले. हर्ष तेवढा हसला नाही. तो टाकीकडे बघत होता.

त्यानंतर पोरगा बदललाच म्हणायचा. कॉलेजला जाण्याआधी पुसायची, आल्यावर पुसायची. मित्राला मागे बसवायचं नाही, त्याच्या बुटाची खूण उठेल म्हणून. पाऊस दिसला की कॉलेजात थांबून राहायचं. मेघाश्री एकदा म्हणाली, "अरे, चिखल गाडीला लागायचाच." तर चिडून म्हणाला, "तुला नको होती म्हणून तू असं बोलतेस."

दिवाळीनंतर एके दिवशी तो संध्याकाळी जरा उशिराच आला. गाडी अंगणात नीट लावली, आत आला आणि आडवा झाला. पोट दुखतंय म्हणाला. कॅन्टीनमध्ये काहीबाही खाल्लं असेल असं वाटून तिने त्याला ओवा दिला, गरम पाण्याची पिशवी दिली. थोड्या वेळाने चहा घेऊन गेली तर त्याचा चेहरा कागदासारखा पांढरा पडलेला, कपाळ गार, घामाने ओलं. उठायला गेला आणि तिच्या अंगावरच कोसळला.

शेजारच्या भवानीबाईंनी आपली कार काढली. हॉस्पिटलात तरुण डॉक्टरीणबाईंनी त्याचा शर्ट वर केला. डाव्या बरगडीखाली एक गोल, काळानिळा डाग होता, हँडलच्या मुठीएवढा.

"हा पडला कधी?" त्यांनी विचारलं.

"पडला नाही हो," मेघाश्री म्हणाली. "पोट दुखतंय त्याचं."

हर्षने आईकडे पाहिलं आणि डोळे मिटले. "सकाळी," तो म्हणाला.

येलवालच्या वळणावर वाळू सांडली होती. गाडी सरकली, हँडल फिरून पोटात बसलं. लोकांनी उठवलं, पाणी दिलं; एक रिक्षावाला दवाखान्यात सोडतो म्हणाला. पण टाकीचा रंग खरवडला गेला होता आणि हँडल वाकलं होतं. तो गाडी ढकलत गॅरेजपर्यंत गेला आणि दिवसभर तिथल्या बाकावर पोट धरून बसला.

"लगेच यायचं ना रे," ती म्हणाली.

"रंग वाळेपर्यंत थांबलो," तो म्हणाला.

पोटातली प्लीहा फाटली होती आणि रक्त आतल्या आत साचत गेलं होतं. ऑपरेशन करून ती काढून टाकावी लागली. सकाळीच आणला असता तर कदाचित वाचवता आली असती, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या; त्या रागावून बोलत नव्हत्या, तरी मेघाश्रीला आपल्या हातातली गरम पाण्याची पिशवी दिसत राहिली.

मनोहरराव धावत आले. त्यांच्या शर्टाला छपाईची शाई लागलेली, पायांत दोन वेगवेगळ्या चपला. सगळं ऐकून ते कॉरिडॉरमधल्या बाकावर मटकन बसले आणि लहान मुलासारखे रडायला लागले.

"मला एक फोन करायचा ना गं त्याने. मी काय रागावलो असतो? लोखंडच ते. दुसरी आणली असती."

"ओरखडा दिसला तर बघ म्हणाला होतात," असं तिच्या अगदी ओठांवर आलं. तिने तोंड उघडलं, त्यांच्या पायांतल्या त्या चपला पाहिल्या आणि मिटलं. त्यांना ते आठवतसुद्धा नव्हतं. प्रेमाने बोललेलं कोण लक्षात ठेवतं? विश्वेश भावाच्या पाठीवरून हात फिरवत उभा होता. या दोघांवर रागवावं असं तिला फार वाटलं. पण राग धरावा असं त्यांच्यात काही सापडेना.

हर्षला घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं, की प्लीहा गेल्यामुळे आता अंगात जंतूंशी झगडायची ताकद कमी. लसी वेळेवर घ्यायच्या. आणि आयुष्यभर कधीही ताप आला, अगदी साधा वाटला, तरी अंगावर काढायचा नाही. त्याच घटकेला हॉस्पिटल गाठायचं.

महिन्याभराने तो पुन्हा कॉलेजला जायला लागला. बसने जा, असं तिने सांगून पाहिलं, विश्वेशने सांगून पाहिलं, मनोहररावांनी तर हात जोडले. काही दिवस गेला बसने. मग एका सकाळी त्याने गाडीची किल्ली घेतली.

त्या संध्याकाळी तो परत आला, जेवला, अंथरुणावर पडला. मेघाश्री त्याच्याजवळ जाऊन बसली आणि त्याच्या कपाळावर हात ठेवला. कपाळ जरासं ऊन लागत होतं, की तिचाच तळवा गार होता, तिला कळेना.

"बरं वाटतंय ना? खरं सांग."

"बरंय गं," तो म्हणाला, आणि तिचा हात हलकेच बाजूला करून कुशीवर वळला.