न तुटलेले कुलूप

मी एक जुने पितळी कुलूप आहे, आणि मी कधीही तुटलेले नाही. हे आधीच सांगते, मित्रांनो, कारण एका सरकारी कागदावर माझ्या नावापुढे ‘तोडून’ असा शब्द पडला होता आणि त्या शब्दाला एका एकोणीस वर्षांच्या मुलीचे एक वर्ष लटकले होते.

माझा जन्म एका लहान कारखान्यात झाला. पितळेचे अंग, पोलादाची कमान, पोटात चार पट्ट्या आणि त्यांना जागेवर दाबून धरणारी एक स्प्रिंग, एवढाच माझा संसार. शेवटच्या टेबलावर एक तपासनीस बाई बसत. त्या प्रत्येक कुलूप मिटवून कमानीला धरून तीन वेळा ओढत. पहिली ओढ हलकी, दुसरी बेताची, तिसरी अंगातले सगळे बळ लावून. तिसऱ्या ओढीला जे सुटे ते टोपलीत जाई. मी सुटले नाही. शेजारी नव्याने कामाला लागलेल्या मुलीला बाई सांगत होत्या, “ज्याला फोडायचंच आहे ना, तो फोडतोच गं. कुलूप फक्त एक मिनिट देतं. तेवढ्यात निम्मे परत फिरतात.” ते वाक्य मी सोबत घेऊन निघाले.

मोबाइल दुरुस्तीच्या एका दुकानाने मला विकत घेतले. चपलांच्या दुकानाला लागून असलेली एवढीशी खोली, लोखंडी दार, त्याच्या कोयंड्यात मी. सात वर्षे मी चोख काम केले. मालक गिऱ्हाइकांना माझ्याकडे बोट दाखवून म्हणत, “याच्या जिवावर निवांत झोपतो मी.” ऐकून माझे पितळ आणखी चकाके. पण त्या सात वर्षांत मला तेलाचा एक थेंब मिळाला नाही. स्प्रिंग थकत गेली. एका सकाळी मालक किल्ली घरी विसरून आले आणि वैतागून त्यांनी मला उजवीकडे पिळून खाली झटका दिला. मी उघडले.

मला लाज वाटली. मालक मात्र हसले. “अरे वा, किल्लीची कटकटच गेली!”

चपलांचे दुकानदार पायरीवर उभे होते. “अहो, मग चोराचीही गेली की.”

“चोराला काय स्वप्न पडणार आहे?”

त्या दिवसापासून किल्ली घरच्या खिळ्यालाच राहिली. मी मिटलेले दिसे, पण लागलेले नसे. पुढची दोन वर्षे मी नुसते लटकत होते.

त्यातच ती मुलगी कामाला आली. बारीक चिमट्याने नखाएवढा भाग उचलून जागेवर बसवताना तिचा हात जराही हलत नसे, म्हणून मालक तिला ‘चिमटी’ म्हणू लागले. दुकान उघडायचे काम तिच्याकडे आले तेव्हा त्यांनी तिला माझी खोड शिकवली. “उजवीकडे पीळ, मग खाली झटका. जोर नाही लावायचा, चिमटे. प्रेमानं.” अकरा महिने, रोज सकाळी साडेनऊला, तिने मला असे उघडले. तिच्या अंगठ्याची जागा माझ्या अंगावर ठरून गेली होती.

मग एके दिवशी तिच्या हातून एका महागड्या फोनची काच गेली. चार गिऱ्हाइकांसमोर मालक ओरडले, “हात आहेत की पाय? उद्यापासून येऊ नकोस.”

“काका, अकरा महिन्यांत एकच फुटली.”

“एकच पुरते.”

सहा दिवसांनी, सोमवारी, दुपारी पावणेतीन वाजता ती आली. सोमवारी बाजार बंद असतो. तिच्या काखेत घडी केलेली कापडी पिशवी होती. अंगठा नेहमीच्या जागी टेकला आणि तिथेच थांबला. मित्रांनो, मला तिचा घाम लागला. माझे काम नेमके त्याच क्षणी होते. तिने पिळले, झटका दिला, आणि मी उघडले.

आठ मिनिटांनी ती बाहेर आली. पिशवीत गिऱ्हाइकांचे सात फोन होते. सवयीने तिने मला पुन्हा कोयंड्यात अडकवून मिटवलेही.

मंगळवारी मालकांनी मला झटका देऊनच उघडले आणि आतला खण रिकामा पाहिला. तासाभरात दुकानासमोर गिऱ्हाइके जमली. हवालदार आले, त्यांनी वही उघडली आणि न बघताच विचारले, “कुलूप तोडलं ना?” मालकांनी एकदा गिऱ्हाइकांकडे पाहिले आणि मान हलवली. हवालदारांनी लिहिले: कुलूप तोडून आत प्रवेश.

तिसऱ्या दिवशी दुसऱ्या बाजारात फोन विकताना ती सापडली. तीन फोन मिळाले, चार पुढे गेले ते गेलेच. मला खाकी कागदाच्या पिशवीत घालून वर लाखेचा शिक्का मारला आणि चिठ्ठी लावली: मुद्देमाल क्रमांक एक. पाच महिने मी पोलीस ठाण्यातल्या एका फळीवर होते. शेजारी एक पहार होती, तीन घरफोड्यांत वापरलेली. तिच्याकडे पाहून आपण सभ्य आहोत असे मला उगीच वाटायचे. मग आठवायचे, ती निदान तिचे काम तरी चोख करत होती.

चिमटीने पहिल्याच तारखेला गुन्हा कबूल केला. फोन चोरले, म्हणाली. फक्त एका गोष्टीवर अडून बसली. कुलूप तोडले नाही. पण कागदावर ‘तोडून’ होते आणि दार तर उघडले गेले होतेच. तिचे म्हणणे कोणी मनावर घेतले नाही.

शिक्षेच्या दिवशी शिपाई मला पिशवीसकट मांडीवर घेऊन बाहेरच्या बाकावर बसला होता. पलीकडे चिमटी होती आणि तिला लहानपणापासून सांभाळणारी मावशी. मावशी इस्पितळात आया होती आणि रात्रपाळी करून थेट आली होती.

“मान वर ठेव आत गेल्यावर,” मावशी म्हणाली. “खाली बघून उत्तरं देऊ नकोस. प्रश्न फरशी विचारणार नाही.”

“वर्ष झालं तर गं, मावशी?”

“झालं तर झालं. मी आहे तिथंच असेन.” मग ती हळूच म्हणाली, “फक्त तिथून येताना दुसरीच कुणी होऊन येऊ नकोस.”

कोर्टाची खोली लहान होती. न्यायाधीश बाईंनी चष्मा पुसला आणि सरकारी वकिलांना बोलायला सांगितले. ते म्हणाले, “मॅडम, वय कमी आहे, पहिलाच गुन्हा आहे, मान्य. पण ही तयारीनिशी केलेली घरफोडी आहे. कुलूप तोडायचं तर हत्यार लागतं, हत्यार आणायचं तर आधी ठरवावं लागतं. एक वर्ष कैद व्हावी.”

परिविक्षा अधिकाऱ्यांचा अहवाल बाईंच्या समोर होता. आरोपीला तुरुंगात न धाडता देखरेखीखाली घरी ठेवता येईल का, हे घरी जाऊन पाहणारे हे अधिकारी. घर स्थिर, मावशी कष्टाळू, मुलीचा हात कामात कुशल, असे त्यांनी लिहिले होते. बाईंनी तो वाचून बाजूला ठेवला.

“हत्यार सापडलं?”

“नाही, मॅडम.”

“मग कुलूप दाखवा.”

लाख फुटली. शिपायाने मला कमानीला धरून बाहेर काढले आणि कंदील नेतात तसे मिरवत निघाला. माझ्या अंगाला लाखेचा चुरा चिकटला होता. न्यायाधीश बाईंच्या टेबलावर घाण नको म्हणून त्याने मला वाटेत तिरके करून झटकले. मी उघडले, त्याच्या हातून निसटले आणि फरशीवर खणकन आपटले.

“मॅडम, मी काही नाही केलं!” शिपाई म्हणाला.

मागे कोणीतरी हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी मला मागवून घेतले, मिटवले, उजेडात धरून चारी बाजूंनी पाहिले. “यावर पहारीचा सोडा, साधा ओरखडासुद्धा नाही. मालक आलेत का?”

मालक उभे राहिले. “मॅडम... ते तसंच उघडतं.”

“कधीपासून?”

“दोन वर्षं झाली.”

“हिला माहीत होतं?”

“मीच शिकवलं होतं.”

“मग ‘तोडून’ कुठून आलं?”

“हवालदारांनी विचारलं, तोडलं ना? समोर गिऱ्हाइकं उभी होती. ढिल्या कुलपाच्या भरवशावर तुमचे फोन ठेवले होते, असं कसं सांगणार त्यांना? मान हलवली.”

“मान हलवलीत,” बाई म्हणाल्या.

सरकारी वकील हुशार होते आणि प्रामाणिकही. “मॅडम, मग हा विश्वासघात झाला. मालकानं शिकवलेलं मालकावरच वापरलं.”

“तेही खरं आहे. दोन्ही लिहून घ्या.” बाई चिमटीकडे वळल्या. “हत्यार नव्हतं. मग काय घेऊन गेली होतीस?”

“राग आला होता.”

“राग आणि?”

चिमटीच्या वकिलांनी घसा खाकरला. ती मान वर ठेवून म्हणाली, “पिशवी. कापडी. घरातूनच नेली होती.”

“म्हणजे ठरवून गेलीस.”

“अर्धं ठरवलं होतं, मॅडम. आज ते उघडलं नाही तर परत जायचं, असं वाटलं होतं. पण ते उघडलं.”

“कुलपावर ढकलू नकोस.”

“नाही ढकलत. हात माझाच होता.”

मित्रांनो, त्या टेबलावर मी किती खजील झाले ते माझे मला माहीत. तपासनीस बाईंचे ते एक मिनिट त्या दुपारी माझ्याकडे नव्हते.

मग बाईंनी, ज्यांचे फोन परत मिळाले नाहीत त्यांपैकी कोणाला बोलायचे आहे का, असे विचारले. मागच्या बाकावरून एक आजी उठल्या. हातात घड्या घातलेला रुमाल होता. “माझा फोन जुनाच होता,” त्या म्हणाल्या. “त्यात ह्यांचा आवाज होता. ‘निघालोय. दार लावून घे, माझ्याकडे किल्ली आहे.’ एवढंच. जाऊन तीन वर्षं झाली त्यांना. मी रोज संध्याकाळी ऐकायची.”

चिमटीची मान खाली गेली. मावशीने मागून काही खूण केली नाही.

“तुम्हाला काय व्हावंसं वाटतं?” बाईंनी विचारले.

“हिला आत घालून आवाज येणारे का परत? नाही ना? मग तुम्ही काय ते ठरवा.” आजी बसता बसता थांबल्या. “पण मला माफ करायला सांगू नका. ते माझ्याकडून व्हायचं नाही.”

“कोणी सांगणार नाही,” बाई म्हणाल्या.

त्यांनी निकाल सांगायला फार वेळ घेतला नाही. दोन वर्षे देखरेख. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी, सकाळी अकराच्या आत, परिविक्षा अधिकाऱ्यांकडे हजेरी. काम शोधायचे आणि टिकवायचे. “हत्यार घेऊन आलेला हात आणि सवयीनं आलेला हात, यांत फरक आहे. पण हात दुसऱ्याच्या वस्तूवरच पडला, हे विसरू नकोस. पिशवीबद्दल तुला कोणी विचारलं नव्हतं, ते तू स्वतः सांगितलंस. त्या सांगण्यावर मी ही दोन वर्षं देते आहे. एक हजेरी चुकली तर याच खोलीत भेटू आणि तेव्हा वर्ष ठरलेलं असेल.” मग त्या मालकांना म्हणाल्या, “गुन्हा तिचा आहे. पण दोन वर्षं तुम्ही दार लावल्याचं नुसतं सोंग करत होतात. हे कुलूप न्या आणि नीट करून घ्या.”

मालकांनी मला कोपऱ्यावरच्या किल्लीवाल्याकडे दिले. त्याने मला खोलले, फुंकर मारली. “स्प्रिंग गेलीय. बाकी ठणठणीत.”

“फेकून नवं घेऊ का?”

“स्प्रिंगसाठी अख्खं कुलूप फेकता? तेल कधी घातलं होतं?”

मालकांनी पाकीट काढले. मी पुन्हा दारावर आले आणि किल्ली घरच्या खिळ्यावरून मालकांच्या खिशात.

पुढच्या महिन्याचा पहिला सोमवार. बाजार बंद. साडेदहाला चिमटी रस्त्याने आली. ती दुकानासमोरून जाणार होती, गेलीही, आणि चार पावले जाऊन परत आली. तिचा अंगठा माझ्यावर जुन्या जागी टेकला. तिने हलके पिळून ओढले. मग बेताने. मग अंगातले सगळे बळ लावून.

मी सुटले नाही.

“ए! काय चाललंय तिथं?” चपलांचे दुकानदार वरच्या खिडकीतून ओरडले. बंद दुकानाच्या कुलपाला तिचा हात, आणि तोही पहिल्याच हजेरीच्या दिवशी.

तिने हात काढला नाही. वर पाहिले. “लागलंय का बघत होते, काका. लागलंय.”

ती आणखी थोडा वेळ तिथेच उभी राहिली, साधारण मिनिटभर. मग घड्याळ पाहून भराभर चालत हजेरीला गेली.

दुसऱ्या दिवशी चपलांच्या दुकानदारांनी मालकांना सगळे तिखटमीठ लावून सांगितले. मालकांनी किल्ली काढली, माझ्यात फिरवली आणि दुकानदारांना विचारले, “लागलं होतं ना?”

“लागलं होतं.”

“मग झालं.”

मित्रांनो, आजींचा आवाज परत आला नाही आणि येणारही नाही. माझी सगळी गोष्ट ऐकूनही ते नुकसान कमी होत नाही. मला एक मिनिट देता आले नाही म्हणून कोणाला तरी दोन वर्षे द्यावी लागली, आणि चिमटीची अजून तेवीस हजेऱ्या बाकी आहेत. तुमच्या घरी एखादे ढिले कुलूप असेल तर त्याला आजच तेल घाला. आणि एखाद्याच्या नावापुढे ‘तोडून’ असे लिहिण्याआधी ते कुलूप हातात घेऊन एकदा उजेडात नीट पाहा.