तीस किलो शिसं

ताईच्या थोरल्या लेकीला जुळं झालं त्या वर्षी हंगामाची पहिलीच शर्यत मास्तरनं जिंकली आणि बक्षीस म्हणून गाडीत तीस किलो शिसं आलं.

"हा कुठला न्याय?" शिशाची जड पाटी नवऱ्याच्या हातात देत ताई म्हणाली. "जिंकला तो, आणि शिक्षाही त्यालाच?"

"न्यायच आहे," गाडीत कमरेपर्यंत शिरलेले मिस्त्री आतून बोलले. "नाहीतर दर वेळी एकच जिंकेल. मग लोक बघायला कशाला येतील?"

"सासरी कामसू सुनेचं हेच होतं. जी करते तिच्याच गळ्यात आणखी काम."

"म्हणजे तू तीस वर्षं वजन घेऊन पळतेयस म्हण की!"

"कळलं ना? मग हात चालवा."

नियम सोपा होता. पहिल्या आलेल्या गाडीनं पुढच्या शर्यतीत तीस किलो वाहायचं, दुसरीनं वीस, तिसरीनं दहा. त्याखालच्यांना काही नाही. दहा-दहा किलोच्या पाट्या मास्तरशेजारच्या रिकाम्या जागेत, तळाशी आवळायच्या. एका पाटीला दोन बोल्ट.

मास्तर हा ताईचा धाकटा भाऊ. त्याची गाडी शिकवायची शाळा होती. आठवडाभर तो घाबरट माणसांशेजारी बसून "हळू, हळू" म्हणायचा आणि महिन्यातून एका रविवारी स्वतः ते साफ विसरायचा. शर्यतीची गाडी म्हणजे चार दारांची, घरगुती, कुणीतरी वापरून टाकलेली. ती मिस्त्रींनी आपल्या गॅरेजात पुन्हा उभी केली होती. ताई धावपट्टीच्या कठड्यावर बसून घड्याळ दाबायची आणि प्रत्येक फेरीची वेळ वहीत लिहायची. भावामुळे तिथं सगळेच तिला ताई म्हणत, तिच्यापेक्षा वयानं मोठे असलेलेसुद्धा.

एकवीस हंगाम तिघांनी असेच काढले होते. दुसरे आले, तिसरे आले, एकदा तर खांबावर आले. करंडक कधी घरी आला नाही. मिस्त्रींनी कामाच्या टेबलावर त्याच्यासाठी फळी मात्र ठोकून ठेवली होती. तिच्यावर चहाचे कप पालथे घातलेले असत.

मिस्त्रींची कामाची एक रीत होती. यादी नाही, टिपण नाही. सोडवलेला प्रत्येक बोल्ट शर्टाच्या खिशात जायचा आणि जागेवर परत बसला की खिशातून कमी व्हायचा. वजन काढलं तर त्याचे बोल्टही पाट्यांबरोबर लाकडी पेटीत ठेवायचे. "खिसा रिकामा तर काम पुरं," ते म्हणायचे. तीस वर्षांत त्यांच्या हातून गेलेल्या गाडीचं चाक कधी सैल निघालं नव्हतं.

त्या वर्षी मात्र ताईला काही दिसू लागलं होतं. चहात साखर दोनदा पडायची. धाकट्या नातवाला ते थोरल्याच्या नावानं हाक मारायचे. पण जुळी ती, त्यात काय एवढं. मग एकदा हातात पाना असताना ते गॅरेजभर पाना शोधत फिरले. ताई म्हणाली, "डाव्या हाताला विचारा." दोघंही हसले. ती जरा उशिरा हसली.

भावाला ती बोलली नाही. मिस्त्रींच्या हातातून पाना काढून घेतला तर त्या माणसात उरणार काय, हे तिला ठाऊक होतं. तिनं आपलं काम तेवढं वाढवलं. मिस्त्री गाडीखालून बाहेर आले की घाम पुसायला रुमाल द्यायच्या निमित्तानं ती त्यांच्या खिशाला हात लावायची. रिकामा लागला की निश्चिंत व्हायची. तिसऱ्या शर्यतीला एक बोल्ट लागला होता. "अहो, हा कुणाचा?" तिनं सहज विचारलं. मिस्त्री परत गाडीखाली गेले.

चौथी शर्यत मास्तरनं जिंकली. तीस किलो चढलं. पाचव्या शर्यतीत टायर फुटला आणि तो सातवा आला. म्हणजे शेवटच्या शर्यतीला वजन उतरायचं. गुणांचा मामला असा येऊन ठेपला होता, की मास्तर आणि निळ्या गाडीतला औषधवाला, या दोघांत जो पुढे येईल त्याचा करंडक. औषधवाला पाचवीत दुसरा आला होता. वीस किलो त्याच्या गाडीत बसणार होतं.

"या वेळी फळीवरचे कप हलवा, भावोजी," मास्तर म्हणाला.

"आधी आण. कप काय, मी फळीपण पुसून ठेवतो."

शनिवारचा सराव ओल्या रस्त्यावर झाला, त्यामुळे वेळा बघण्यात अर्थ नव्हता. रविवारी सकाळी मिस्त्रींनी गाडीखाली तासभर घालवला. बाहेर आले तेव्हा ताईनं रुमाल पुढे केला आणि खिशाला हात लावला. रिकामा. ती कठड्यावर जाऊन बसली.

ऊन पडलं होतं, रस्ता खडखडीत वाळला होता. दुसऱ्या फेरीची वेळ लिहिली तेव्हाच तिची पेन्सिल थांबली. नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त. तिसरीलाही तेवढाच. चौथीलाही. चालकाची चूक कमी-जास्त होते. हे रोज उगवणाऱ्या सूर्यासारखं सारखं होतं. तिनं वही मागे उलटली आणि पाचव्या शर्यतीची वेळ शेजारी धरली. टायर फुटायच्या आधीच्या फेऱ्या, शिसं असतानाच्या. आकडे जुळले.

खिसा रिकामा म्हणजे काम पुरं, हे खरं. पण काम सुरूच झालं नाही तरी खिसा रिकामाच असतो.

शेजारी मिस्त्री हात हलवत ओरडत होते, "दाब, मास्तर, दाब!" त्यांच्या चेहऱ्यावर पोरासारखा आनंद होता. तिनं वही मिटली.

पंधरा फेऱ्यांनंतर निळी गाडी पुढे होती. दोन सेकंदांपेक्षा कमी अंतरानं.

पहिल्या तीन गाड्यांचं वजन व्हायचं. कमी भरली तर बाद. जास्त भरली तर ज्याचं त्यानं बघावं. मास्तरची गाडी काट्यावर चढली, आकडा लागला आणि काट्यावरचा माणूस मोठ्यानं हसला.

"तीस किलो जास्त! अहो मिस्त्री, शिसं काढलंच नाहीत की काय?"

सगळ्यांच्या माना वळल्या. मिस्त्री त्या आकड्याकडे बघत राहिले. त्यांचा हात आपोआप खिशाकडे गेला.

"मीच सांगितलं ठेवायला," हेल्मेट काढत मास्तर म्हणाला. "काल ओल्यात गाडी मागून नाचत होती. म्हटलं, राहू दे वजन."

"आणि आज ऊन पडल्यावर?" औषधवाल्यानं विचारलं.

"आज नाही सुचलं."

"लोकांना गाडी शिकवतोस ना रे तू?" काटेवाला म्हणाला, आणि परत हशा झाला. मास्तरही त्यात हसला. घामानं भिजलेला, लाल कानांचा, एकवीस वर्षांचा करंडक हातचा घालवलेला तिचा भाऊ असा हसताना ताईनं पाहिला, आणि लहानपणी याला आपण उगाच मारायचो, असं तिला वाटून गेलं.

मिस्त्री म्हणाले, "मी म्हटलं होतं काढू या. ऐकतोय कुठं!"

त्यांनी ते खरं मानलं, की पडद्यामागचं ओळखलं, हे तिला तेव्हा कळलं नाही. तंबूत परतल्यावर त्यांनी एकट्यानं तिन्ही पाट्या उतरवल्या. कुणाला हात लावू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी धुवायच्या शर्टात तिला सहा बोल्ट सापडले. तिनं ते टेबलावर ठेवले. संध्याकाळी ते नव्या शर्टाच्या खिशात होते. त्या दिवसापासून दर धुण्याला तेच. ती काढायची, ते परत घ्यायचे. थंडीभर त्यांचा खिसा असा ओघळलेला असायचा.

नव्या हंगामाची तयारी सुरू झाली तेव्हा मास्तर गॅरेजात आला. मिस्त्री स्टुलावर बसले होते. श्वास पुरत नव्हता, डॉक्टरांनी वाकायला मनाई केली होती. त्यांनी खिशातून एकेक करून सहा बोल्ट काढले आणि मास्तरच्या तळहातावर मोजून ठेवले.

"यंदा तू आवळ, आणि तूच काढ."

"तुम्ही असताना मी कशाला, भावोजी?"

"ऐक. आणि काढलेस की ताईला दाखवत जा. तिला खिसे चाचपायची सवय आहे."

ताईनं पालथे कप उगाच पुन्हा पालथे घातले.

"आणखी एक," मिस्त्री म्हणाले. "तू गाडी बरी चालवतोस, मास्तर. खोटं मात्र अगदीच वाईट बोलतोस."

मास्तरनं मूठ मिटली. मग गाडीखाली शिरला, आणि बराच वेळ बाहेर आला नाही. मिस्त्री स्टुलावरून त्याला सूचना देत राहिले. त्यातल्या दोन बरोबर होत्या.

हंगाम सुरू व्हायला अकरा दिवस असताना, गुरुवारी सकाळी, चहा पिऊन झाल्यावर मिस्त्री गेले. ताईनं त्यांच्या शर्टाच्या खिशाला हात लावला. खिसा रिकामा होता.