उजव्या चाकाची हवा

घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घेणाऱ्या त्या बाईला सगळे सुईताई म्हणत. एका अपघातात तिचा डावा पाय मोडला होता. हाड जुळलं, पण पायात पूर्वीचा जोर राहिला नाही. थांबलेली स्कूटर त्या पायावर तोलून धरणं तिला जमेना. मग तिच्या थोरल्या भावाने, म्हणजे दादाने, स्कूटरला मागे एकाऐवजी दोन चाकं बसवून दिली. तो वेल्डर होता, हे काम त्याच्या हातचंच. स्कूटरची तीनचाकी झाली आणि सुईताई पुन्हा कामाला लागली.

पुढे दादाने आणखी एक वस्तू आणली. चाकात हवा भरायच्या नळीवर टोपणासारखा बसणारा सेन्सर, आणि हँडलवर लावायची छोटी स्क्रीन. कुठल्या चाकात किती हवा आहे आणि चाक किती तापलंय, ते गाडीवर बसल्या बसल्या दिसायचं. एक संच त्याच्या मोटरसायकलसाठी, एक तिच्या तीनचाकीसाठी. एका दुपारी अंगणात बसून त्याने पाचही टोपणं बसवली आणि हात झटकत म्हणाला, "आता हवेचं टेन्शन घ्यायचं नाही. कमी झाली की ही ओरडेल."

ती ओरडायला लागली. सकाळी सुईताईने किल्ली फिरवली की स्क्रीन टीं टीं करायची आणि उजव्या मागच्या चाकाचा आकडा लाल व्हायचा. तीस हवा पाहिजे, तिथे तेवीस. कधी एकवीस. ती पंपावर जाऊन हवा भरून घ्यायची, पण आकडा ढिम्म हलायचा नाही.

"मशीनला कळायला वेळ लागतो गं," दादा म्हणाला. "लगेच कसं दाखवेल?"

तेही खरंच वाटायचं, कारण अधूनमधून एखाद्या सकाळी आकडा आपोआप तीसवर आलेला असायचा. काल भरलेली हवा आज दिसते, अशी तिने मनाची समजूत घातली. दोनतीन दिवसांत आकडा पुन्हा घसरायचा आणि ती पुन्हा पंपावर.

पंपावरचा माणूस एकदा म्हणालाही, "ताई, चाक चांगलं कडक आहे. अजून कशाला?"

"स्क्रीन तेवीस म्हणतेय."

"माझा काटा तर भलतंच सांगतोय."

"तुमचा काटा जुना झालाय," ती म्हणाली. त्याने खांदे उडवले आणि हवा मारली.

याच सुमारास गाडी डावीकडे ओढायला लागली. सरळ रस्त्यावरही हँडल उजवीकडे धरून ठेवावं लागे. आधी तिला वाटलं रस्ताच उतरता आहे. मग वाटलं आपणच वाकडं बसतोय. आणि मग एका जिन्यावर थबकून ती आपल्या डाव्या पायाकडे बघत राहिली. शरीराची डावी बाजूच पुन्हा ढासळत चालली असेल तर? घरात चालतानाही आपण डावीकडे जातोय असं तिला वाटू लागलं. वहिनीला तिने स्वयंपाकघरात विचारलं, "मी तिरकी चालते का हो?"

वहिनीने पोळी उलटली. "चालून दाखवा."

सुईताई दारापासून खिडकीपर्यंत चालली.

"आता मला सांगता येईना," वहिनी म्हणाली. "तुम्ही विचारल्यावर तिरकं वाटतंय. नसतं विचारलं तर नसतं वाटलं."

सुईताईने कपाटातली काठी बाहेर काढली आणि डॉक्टरांची वेळ घेतली. दादाला मात्र ताकास तूर लागू दिली नाही. गाडीवरून उतरवलं तर काम गेलंच.

दादाचं वेगळंच चाललं होतं. त्याची मोटरसायकल मागून जड झाल्यासारखी वाटायची, वळणावर लचकायची. स्क्रीन मात्र मागचं चाक छत्तीस, अडतीस, एकदा तर चाळीस दाखवत होती. "उन्हाने फुगतंय," असं म्हणून तो हवा कमी करायला पंपावर जाई. पंपवाला म्हणे, कमीच आहे. मग तो बुचकळ्यात पडे आणि थोडी भरून घेऊन घरी येई. घरात दोघांच्या दोन तक्रारी होत्या, आणि जेवताना दोघंही भाजीच्या मिठाबद्दल बोलत.

आपल्या सुट्टीच्या दिवशी सुईताई अंगणात आपली गाडी पुसत होती. गाडी सकाळपासून सावलीत, जागची हललेली नव्हती. स्क्रीन सुरू करून ठेवली होती, कारण हल्ली तिला आकड्यांवर नजर ठेवायची सवयच लागली होती. तेवढ्यात दादा कामावरून आला. त्याने मोटरसायकल नेहमीसारखी तिच्या गाडीला चिकटून लावली आणि तो तोंड धुवायला आत गेला.

टीं टीं झालं. उजवं मागचं चाक, हवा एकोणीस. आणि शेजारी उष्णता, पन्नासच्या वर.

तिने त्या चाकावर हात ठेवला. गार. दुसऱ्या हाताने पाहिलं. गारच. तिला क्षणभर वाटलं, आता हातांचाही भरवसा राहिला नाही.

"वहिनी, जरा या. हे चाक गरम लागतंय का बघा."

वहिनी ओल्या हातांनी आली, चाक चाचपलं. "नाही हो. दगडासारखं गार आहे. आणि दगडासारखंच कडक."

"ही म्हणतेय तापलंय. न हलता कसं तापेल?"

वहिनीने स्क्रीनकडे पाहिलं, उभ्या गाडीकडे पाहिलं. "आपल्याकडे आत्ता फिरून आलेलं चाक एकच आहे," ती म्हणाली, पण तीही प्रश्न विचारल्यासारखीच. मग दोघी वाकल्या आणि मोटरसायकलच्या मागच्या चाकावर एकदमच हात टेकवले. चाक चांगलंच तापलेलं होतं, आणि अंगठा आत जात होता.

दादा टॉवेल खांद्यावर टाकून आला तेव्हा दोघी जमिनीवर बसल्या होत्या. त्याला तीनदा सांगावं लागलं. टोपणं बसवताना एकाची दुसऱ्याला गेली होती. तिची स्क्रीन त्याच्या चाकावर ओरडत होती आणि त्याची स्क्रीन तिच्या चाकाची हवा दाखवत होती. गाड्या रोज रात्री शेजारी उभ्या, त्यामुळे आकडे मिळत राहायचे आणि कुणाला शंका आली नाही. लांब गेल्यावर स्क्रीन आपली शेवटचाच आकडा धरून बसायची.

"म्हणजे तू भरायचीस ती हवा मला दिसायची," दादा सावकाश म्हणाला, "आणि मी भरायचो ती तुला."

"असंच काहीतरी," सुईताई म्हणाली.

त्याच्या मागच्या चाकात बारीक खिळा निघाला. रोज याच चाकावर पुलावरून जायचो, एवढंच तो म्हणाला. मग त्याने टोपणांची अदलाबदल केली आणि तिच्या उजव्या चाकातली जास्तीची हवा सोडली. ती बराच वेळ सूं करत निघत राहिली. ती ऐकता ऐकता सुईताईने त्याला डाव्या बाजूचं, काठीचं, डॉक्टरांचं सगळं सांगून टाकलं. दादाने मान वर केली नाही.

"मला आधी का नाही सांगितलंस?"

"काय सांगणार? गाडी वाकडी की मी, तेच कळत नव्हतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती निघाली. स्क्रीन गप्प होती. तिन्ही आकडे हिरवे, मागे दोन्हीकडे तीस. चौक ओलांडला आणि गाडी उजवीकडे जायला लागली. ती कडेला थांबली, उतरली, दोन्ही चाकं अंगठ्याने दाबून पाहिली. सारखीच. पुन्हा निघाली, पुन्हा उजवीकडे. बऱ्याच पुढे गेल्यावर तिच्या लक्षात आलं की हँडल ओढतंय ते तिचे स्वतःचेच हात. तिने बोटं सैल सोडली. गाडी सरळ गेली. तिने बोटं पुन्हा घट्ट केली, कारण खात्री वाटेना.

पहिल्या घरचे आजोबा रात्रीपासून उपाशी होते आणि दारातच उभे होते.

"आज उशीर केलात."

"गाडी सरळ चालायला लागली ना," ती म्हणाली.

आजोबांनी तिच्याकडे बघितलं आणि बाही वर केली. तिलाही ते याहून नीट सांगता आलं नसतं.