गालात लाडू, खांद्याला बंदूक

सावळाराम तात्यांची बंदूक गेल्या वर्षभरात कशालाच लागली नव्हती, फक्त तात्यांना लागली होती. खांदा काळानिळा झाला होता आणि उजव्या गालफडावर एक वळ कायमचा राहायला आला होता.

निमगाव केतकीला तात्यांचा डाळिंबाचा मळा होता. बागेला लागून मका होता आणि मक्यात रानडुकरं होती. पिकाच्या राखणीसाठी तात्यांना बंदुकीचा परवाना मिळाला होता. तात्या बार काढायचे. डुकरं मान वर करून कोण आहे ते बघायची आणि पुन्हा खायला लागायची.

पूर्वी असं नव्हतं. दर हिवाळ्यात निरवांगीच्या माळावर बारामतीची हौशी मंडळी नेमबाजी भरवायची. एक यंत्र मातीच्या चकत्या हवेत फेकायचं आणि उडती चकती फोडायची, असा तो खेळ. तिथं तात्यांचं नाव होतं. तात्या बंदूक घेऊन उभे राहायचे आणि त्यांच्या मागं त्यांची बायको प्रयागबाई उभी राहायची. तिचं तोंड काही थांबायचं नाही.

"ही चकती गरीब दिसतीया, सोडा तिला."

"ह्यो बार चुकला तर आठ दिवस गवार. बिनतेलाची."

तात्या वैतागल्यासारखं करायचे. "अगं गप की! नेम हालतो माझा." असं म्हणायचे आणि चकती फोडायचे.

प्रयागबाई गेली त्याला वर्ष झालं होतं. आता मागं कुणी बोलत नव्हतं. हवी तेवढी शांतता होती. तरी नेम का लागत नाही, ते तात्यांना कळत नव्हतं.

त्यांचा मुलगा सुयोग बारामतीला राहायचा. तो दर रविवारी यायचा आणि एकच विषय काढायचा.

"तात्या, बंदूक देऊन टाका. माझे सासरे घ्यायला तयार आहेत. आणि तुम्ही चला माझ्याकडं. लिफ्ट आहे, गरम पाणी आहे."

"मला लिफ्टमधी बसून कुठं जायचंय?"

"इथं एकटे काय करता? चहात खारी बुडवून जेवण म्हणता. परवा कुणाचा तरी बार विहिरीवरच्या पत्र्याला लागला म्हणे."

"पत्र्याला लागला ना? म्हंजे सुधारणा हाय."

सुयोग हसला नाही. तात्याही हसले नाहीत. त्यांनी ते खरंच म्हटलं होतं.

शेवटी बाप-लेकात ठरलं. यंदा निरवांगीच्या माळावर दहा चकत्यांतल्या सहा फुटल्या तर बंदूकही मळ्यात राहील आणि तात्याही. नाही फुटल्या तर बंदूक सुयोगच्या सासऱ्यांकडं, दिग्विजयरावांकडं जाईल आणि तात्या लिफ्टकडं. मळा वाट्यानं द्यायचा. तात्या "व्हय" म्हणाले खरे, पण त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही. घरात खारीच होती, ती गोष्ट वेगळी.

दुसऱ्या दिवशी तात्या बंदूक घेऊन वालचंदनगरला सोनबा मिस्त्रीकडं गेले. सोनबा बंदुकीचे दस्ते बसवायचा. खांद्याला टेकतो तो लाकडी दस्ता माणसाच्या अंगाला बेतावा लागतो. हात लांब असला तर दस्ता लांब, मान आखूड असली तर दस्त्याची वरची कड वेगळी. गाल त्या कडेवर टेकला की डोळा बरोबर नळीच्या रेषेत यायला हवा. नळीच्या टोकाला पितळेचा मणी असतो, तो दिसला पाहिजे. न कमी, न जास्त. तात्यांच्या बंदुकीचा दस्ता काही वर्षांपूर्वी सोनबानंच बेतला होता.

तो दिवस तात्यांना चांगला आठवत होता, कारण प्रयागबाई सोबत आली होती. ती स्टुलावर बसली होती. सोनबा तात्यांच्या कोपरापासून बोटापर्यंत टेप लावत होता.

"मिस्त्री, जरा वाढतं ठेवा बरं का," ती म्हणाली होती. "अजून अंगानं वाढायचेत ते. दोन इंच आत दुमडून शिवा, फुडल्या दिवाळीला उसवता येईल."

"वहिनी, लाकूड दुमडत न्हाय."

"मग कॉलर तरी काढा. आन् खिसा, तंबाखूला."

सोनबा कानस चालवायचा, तात्या गाल टेकवायचे, ती काहीतरी बोलायची. अर्धा दिवस तेच चाललं होतं.

आज स्टूल रिकामं होतं. सोनबानं बंदूक उघडून रिकामी आहे ना ते पाहिलं, तात्यांना खांद्याला लावायला सांगितलं आणि समोरून एक डोळा मिटून बघितलं.

"तात्या, डोळा खाली चाललाय. मणी दिसतोय का?"

"न्हाय. नुसतं लोखंड दिसतंय."

"मग छर्रे खालनंच जाणार की." सोनबानं टेप लावला, पुन्हा लावला, डोकं खाजवलं. "हात त्योच. मान तीच. माझं माप बरोबर हाय. तुमीच चुकलाय."

"मी कसा चुकीन? मी हाय तसाच हाय."

"कुठं हाय तसं? गाल बघा. पार आत गेलेत. गाल भरलेला असला की डोळा वर राहतो. म्या भरल्या गालाचं माप घेतलं व्हतं." सोनबानं एक चामड्याची पट्टी काढली. "दोन उपाय हायेत. ही कडेवर चिकटवतो, काम झालं. एका तासात देतो."

तात्यांनी दस्ता ओढून छातीशी धरला. "न्हाय. हात लावायचा न्हाय. तिच्या डोळ्यांदेखत घासलेला हाय ह्यो. दुसरा उपाय सांग."

"दुसरा म्हंजे गाल भरा. खा."

झालं. बंदूक माणसाला बेतायची सोडून तात्या माणूस बंदुकीला बेतायला लागले.

त्यांची थोरली बहीण भामाआक्का गावातच होती. आक्काला कानानं कमी ऐकू यायचं, पण खायला घालायचं म्हटलं की भिंतीपलीकडचं ऐकू यायचं. दोन्ही वेळा दूध देणारी म्हैस, घरचं तूप आणि भाऊ स्वतःहून जेवायला आलेला. आक्कानं पदर खोचला. सकाळी शिरा, दुपारी मांडे, संध्याकाळी दुधात भाकरी. तात्या जेवले की आरशापुढं उभे राहायचे आणि गाल चिमटीत धरून बघायचे. मग नाक्यावरच्या टेलरकडं जाऊन गालाला टेप लावून घ्यायचे.

गावानं एकच अर्थ काढला. म्हातारा तूप खातोय, आरशात बघतोय, टेलरकडं माप देतोय. आठवड्याच्या बाजारात एक जण हळूच म्हणाला, "तात्या, माझी मावसबहीण हाय वालचंदनगरला. एकटीच असती. स्वयंपाक झकास."

"तिला नेमबाजी येती का?"

"न्हाय."

"मग मला काय उपयोग?" तात्या म्हणाले आणि कोथिंबीर घेऊन निघून गेले.

महिनाभर खाल्लं, पण साठीनंतर खाल्लेलं कुठं जावं ते माणसाच्या हातात नसतं. सगळं पोटात गेलं. गाल होते तसेच राहिले आणि पायजम्याची नाडी मात्र बसेना. नेमबाजीला दोन दिवस उरले होते. आक्काच्या ओट्यावर बसून तात्यांनी बेसनाचा एक लाडू तोंडात कोंबला आणि तोंड भरलेलं असतानाच सवयीनं रिकामी बंदूक खांद्याला लावून बघितली.

मणी दिसला. दुधावर साय बसावी तसा नळीच्या टोकावर बसलेला.

तात्यांनी लाडू गिळला. मणी गेला. दुसरा लाडू घेतला. मणी आला.

"आक्का!"

"आणखी देऊ?"

"डबा भरून दे!"

निरवांगीच्या माळावर मांडव घातला होता. प्लॅस्टिकच्या खुर्च्या होत्या. पहिल्या रांगेत दिग्विजयराव बसले होते, पांढरे कपडे, काळा चष्मा आणि गालाच्या पार पलीकडं गेलेल्या मिशा. त्यांच्या एका बाजूला सुयोग, आणि दुसऱ्या बाजूला लाडवांचा डबा मांडीवर घेऊन भामाआक्का. डब्यात मोजून तीनच मावले होते, कारण आक्काच्या एका लाडवात दुसऱ्या कुणाचे चार झाले असते. सोनबाही आला होता. आपलं माप बरोबर होतं की नाही, हे त्याला बघायचं होतं.

"सावळारामराव," दिग्विजयराव म्हणाले, "बंदुकीसाठी भिंतीला खुंटी ठोकून आलोय बरं का."

"खुंटीला टोपी अडकवा," तात्या म्हणाले. त्यांनी पहिला लाडू उजव्या गालात सरकवला आणि ते जागेवर उभे राहिले.

चकती सोडायला नेमबाजानं "पुल" असं ओरडायचं असतं. तात्या ओरडले. "फुऊऊ!" आणि पुढं बेसनाचा फवारा उडाला.

यंत्रावरचा माणूस बघतच राहिला. "काय म्हणले?"

"फुऊऊ!"

"बरं वाटत न्हाय का तात्यांना?"

दिग्विजयराव उठले. "पंच, त्यांच्या तोंडात काहीतरी आहे!"

पंच आला. त्यानं तात्यांना तोंड उघडायला लावलं, वाकून आत बघितलं आणि मागं वळून जाहीर केलं, "लाडू आहे. बेसनाचा. नियमात लाडवाबद्दल काही नाही." मग तो हळूच म्हणाला, "तात्या, हात वर करा, चकती सोडतो."

पहिल्या लाडवात तीन चकत्या फुटल्या. माळावर टाळ्या झाल्या. पण लाडू तुपातला होता, तोंडात किती टिकणार? चौथीला मणी बुडाला, पाचवीलाही बुडाला. दोन्ही चकत्या धडधाकट जमिनीवर उतरल्या. दुसऱ्या लाडवात आणखी दोन फुटल्या, मग तोही विरघळला, आणि आठवी-नववी गेली. पाच फुटल्या होत्या. एक चकती उरली होती आणि एक लाडू.

सुयोग खुर्चीच्या कडेवर आला होता. तात्यांनी त्याच्याकडं बघितलं. पोरगा आपला पराभव मागत नव्हता, पण त्यानं मनातल्या मनात बारामतीच्या खोलीतलं कपाट तात्यांसाठी रिकामं केलं होतं, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. तात्यांना मळ्यातली मागची पडवी आठवली. प्रयागबाईच्या चपला अजून तिथंच होत्या. वाट्यानं करणारा माणूस आला की त्या कुठंतरी ठेवाव्या लागल्या असत्या.

"आक्का, लाडू!"

आक्कानं डबा उघडला. डबा रिकामा होता.

"कुठं गेला? आत्ता व्हता!" आक्कानं डबा उलटा करून झटकला. सुयोगनं खुर्चीखाली बघितलं. पंचानं स्वतःचे खिसे तपासले, का ते त्यालाच ठाऊक. दिग्विजयराव एकटेच समोर माळाकडं बघत ताठ बसले होते. त्यांना साखरेचा आजार होता आणि त्यांच्या घरच्यांनी गुळाचा खडाही ठेवला नव्हता. त्यांचे दोन्ही गाल फुगलेले होते. मिशीच्या दोन्ही टोकांना बेसन लागलं होतं.

"अहो व्याही!" आक्का कडाडली. "त्यो बंदुकीचा लाडू व्हता!"

"फुऊऊ," दिग्विजयराव म्हणाले.

तात्या बघत राहिले. त्या मिशांना प्रयागबाई सोयरीक ठरल्या दिवसापासून एकच म्हणायची. व्याह्यांच्या मिशा म्हंजे वळचणीला बांधलेली शेळीची दोन करडं, समोर येईल त्यात तोंड घालणार. लग्नात जेवणाच्या पंगतीत तिनं ते तात्यांच्या कानात सांगितलं होतं आणि तात्यांच्या नाकातून मठ्ठा आला होता.

पोटातून काहीतरी वर आलं. तात्यांना आधी वाटलं, तूप. मग खांदे हलायला लागले. वर्षभर जे आलं नव्हतं ते एकदम आलं. डोळ्यांत पाणी आलं, तोंड कानापर्यंत फाकलं, आणि "अगं गप की," असं ते अर्धवट पुटपुटले. मागं कुणीच नव्हतं.

"तात्या, सोडू का?" यंत्रावरचा माणूस ओरडला.

तात्यांना बोलता येईना. त्यांनी हसत हसतच हात वर केला, हसत हसत बंदूक खांद्याला लावली आणि गाल दस्त्यावर टेकवला. गाल जिथं टेकायचा तिथं टेकला. मणी दिसला. चकती उडाली. बार झाला. आकाशात काळ्या मातीची धूळ तेवढी राहिली.

माळावर गोंगाट झाला. सोनबा खुर्च्या ओलांडत धावत आला. त्यानं तात्यांचा गाल दोन बोटांनी दाबून बघितला आणि स्वतःच्या कपाळावर हात मारला.

"आरं तिच्या! तवा वहिनी स्टुलावर बसून बोलत व्हत्या. तुमी समदा येळ हसत व्हता. म्या हसणाऱ्या माणसाचं माप घेतलं की!" मग त्याचा आवाज जरा उतरला. "तात्या, पट्टी लावून देऊ का? रोजच्याला बरं पडंल."

तात्यांनी बंदूक उघडली, काडतूस काढलं आणि दस्त्यावरचं बेसन बाहीनं पुसलं.

"नको. असू दे तसाच."

सुयोग जवळ येऊन उभा राहिला. "तात्या, ठरलं ते ठरलं. राहा मळ्यात. पण तिथं एकटे असताना हसणार कसे तुम्ही?"

तात्यांनी दिग्विजयरावांकडं बघितलं. ते पाठमोरे होऊन रुमालानं मिशा पुसत होते आणि आक्का त्यांच्या मागं रिकामा डबा घेऊन उभी होती.

"तुझ्या सासऱ्यांना दर रविवारी घिऊन येत जा," तात्या म्हणाले. "मिशा पुसू नका म्हणावं."