अस्वलाच्या चित्राचा डबा

कर्टिसने काडतुसांचा डबा ट्रकच्या बॉनेटवर ठेवला. डब्यावर दात विचकणाऱ्या अस्वलाचं चित्र होतं. ते पाहून व्हर्नाला हसू आलं.

"अरे, चोर येणार आहे की अस्वल?"

"कोणी का येईना आई, एका गोळीत आडवा झाला पाहिजे. तुझी ती जुनी मिळमिळीत काडतुसं म्हणजे चिमण्या हाकलायचं काम."

रिव्हॉल्व्हरही त्यानेच निवडलं होतं. आईचे सांधे धरलेले, म्हणून ते हलकं, तळहातात मावेल एवढं; आणि शेरीफची, म्हणजे पोलिसांची, गाडी इथवर पोचेस्तोवर तास जातो, म्हणून काडतुसं मात्र दुकानातली सगळ्यांत जबर. पोरगा मायाळू, पण एकदा डोक्यात काही घेतलं की दुसऱ्याचं ऐकेल तर शपथ! अटही त्याचीच. रिव्हॉल्व्हरमधल्या पाचही गोळ्या नेमावर लागल्या तर आईने इथे माळावर खुशाल एकटं राहावं. नाहीतर बर्फ पडायच्या आत बिलिंग्जला, त्याच्या घरी. नवरा गेल्यावर व्हर्नाने गुरं विकली होती, पण घर सोडायला ती तयार नव्हती.

"आधी तू मारून दाखव," ती म्हणाली.

कोठारामागच्या घळीत नांगराची जुनी तबकडी टांगलेली होती. कर्टिसने कानांत बोळे घातले आणि चाप ओढला. पहिल्याच बाराला त्याचा हात कपाळापर्यंत उडाला. दुसऱ्याला तोंडून शिवी निघाली. चौथ्यानंतर चाप हलेचना.

"गोळ्यांचं चक्र फिरत नाहीये."

"नळी मातीकडेच धर," असं दटावून व्हर्नाने बाजूने वाकून पाहिलं. एवढ्याशा हलक्या हत्याराला असे हिसके बसले होते की उरलेल्या काडतुसातली गोळी सरकून पुढे आली होती आणि दारात अडकलेल्या चपलेसारखी चक्राला आडवी बसली होती.

"आता चोराला सांग, थांब रे बाबा जरा, माझं अस्वल अडकलंय!"

कर्टिस मनगट चोळत राहिला. बऱ्याच खटपटीनंतर चक्र मोकळं झालं. मग व्हर्नाने खिशातून आपली कमी जोराची काडतुसं काढून भरली, दोन्ही हातांनी नेम धरला आणि सावकाश, एकेक करून पाचही झाडली.

तबकडी चारदा वाजली.

"चारच," ती स्वतःच म्हणाली. "ठरलं ते ठरलं. येते मी बिलिंग्जला."

"माझ्याही चारच उडाल्या, मग कसली अट," कर्टिस खाली बघत म्हणाला. मग एकदम त्याचा बांध फुटला. "मला चोराची कुठली भीती आहे गं! इथे कोण मरायला येतंय चोरी करायला? तू न्हाणीघरात पडलीस नि कुणाला कळलंच नाही, तर? रात्र रात्र झोप लागत नाही मला."

"मग हे सरळ बोलायचं सोडून अस्वल कशाला आणलंस, वेड्या?"

व्हर्नाने थर्मासमधली कॉफी झाकणात ओतून त्याच्या हातात दिली.

"रोज संध्याकाळी फोन करत जा."

"आणि तू उचलला नाहीस तर?"

"तर ये निघून."

"आई, तीन तास लागतात यायला."

"लागू देत," व्हर्ना म्हणाली. "तू येईस्तोवर थांबेन मी."