रोज सकाळी एक लाल गोळी

"या लोहाच्या गोळ्या यांना कोण देतं?" रिपोर्टवरची नजर न काढता डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"मीच की! नऊ वर्षं झाली, एक दिवस खाडा नाही."

शाबासकी मिळणार अशाच थाटात ती हे म्हणाली. तीस वर्षं नर्स म्हणून राबलेली बाई. कुणी दमलं, कुणाला चक्कर आली, की हिची लाल गोळी तयार. दवाखान्यात सगळे तिला मागून गोळीबाई म्हणायचे. तिला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडायचंही.

नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. डोळ्याला भिंग लावून दिवस काढणारा, मुलखाचा अबोल माणूस. तो दमायला लागला तेव्हा हिनं निकाल देऊन टाकला, "रक्त कमी झालंय तुमचं." जगाची बोटं टोचून रक्त तपासणाऱ्या गोळीबाईनं घरच्या माणसाचं बोट काही टोचलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. पुढं त्याच्या दोन बोटांचे सांधे सुजले, चिमट्यात स्क्रू धरेना, तेव्हा ती म्हणाली, "वय झालं." अंग काळवंडलं, तर म्हणाली, "उन्हात खिडकीशी बसता ना!"

"सिस्टर, यांना लोह कमी नाही, फार जास्त आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "लोह रक्तात सुटं फिरत नाही. एक प्रथिन त्याला उचलतं आणि लागेल तिथं नेऊन पोचवतं. निरोगी माणसात त्याची साधारण तिसरा हिस्सा जागा भरलेली असते. यांची ब्याण्णव टक्के भरलीय. यांचं आतडं जन्मापासूनच जास्त लोह ओढतं, आणि जादा लोह बाहेर टाकायची वाट शरीराला नाही. मग ते साचत जातं. सांध्यांत साचलं, यकृतात साचलं."

"आणि माझ्या गोळ्या?"

"आगीत तेल."

रोज सकाळी पाण्याचा पेला घेऊन ती त्याच्यासमोर उभी राहायची, गोळी गिळल्याशिवाय हलायची नाही. "आज राहू दे गं, पोट दुखतंय," असं तो कितीदा म्हणाला होता. तिनं डोळे वटारले होते. आपल्याच हातांनी, आणि तेही मायेनं! तिला रडूसुद्धा येईना.

"यकृत बरं होईल ना?"

"जेवढं कडक झालंय तेवढं नाही. उरलेलं वाचवू. आठवड्याला एक पिशवी रक्त काढायचं. नवं रक्त बनवायला शरीर ते साचलेलं लोह वापरेल. आजपासूनच सुरू करू."

शेजारी बसलेला नवरा बोलला. "हिलाच काढू दे."

"अहो, मी नाही! माझ्या हातून नको!"

"अगं, तूच काढ."

शेजारच्या खोलीत तो पलंगावर आडवा झाला. तिनं दंडाला पट्टा आवळला. शीर अशी ठसठशीत, की नवशिक्यालाही सापडावी. तिनं सुई घातली आणि ती चुकली. कातडीखाली निळा फुगा आला. असं तिच्या हातून कधी झालं नव्हतं.

"नऊ वर्षं हो," एवढंच तिला बोलता आलं.

तिनं त्या जागी दाबून धरलेला कापूस त्यानं हळूच आपल्या हातात घेतला. मग सुजलेल्या बोटांनी, वेळ घेत, दुसऱ्या बाहीचं बटण सोडलं आणि तो हात तिच्यापुढं केला.