झिरो पिरियडचा ठराव

"मॅडम, तुम्ही सकाळी किती वाजता उठता?"

शनिवारच्या बालसभेत मुख्याध्यापिकांना हे विचारून दाखव, असं दीप्ती आणि कामिनीनं मला चॅलेंज दिलं होतं. "तुह्यात दमच नाही वं," असं दीप्ती म्हणाली आणि मी ताडकन उभी राहिले. नववीपर्यंत मी मागच्या बाकावर तोंड लपवणारी पोरगी. यंदा दहावीत कसा कोण जाणे, कंठ फुटलाय, आणि आता तो मलाच आवरत नाही.

सभागृहात खसखस पिकली. मॅडमही हसल्या. "सहाला उठते. का गं चारुशीला?"

"आम्ही साडेचारला उठतो मॅडम. झिरो पिरियडसाठी."

मग हसणं थांबलं.

झिरो पिरियड म्हणजे दहावीचा जादा तास. शाळा भरायच्या आधीचा. दीप्ती धरमपेठेतच शाळेमागच्या गल्लीत राहते, ती दात घासत घासत पोचते. मी आणि कामिनी कामठीहून येतो. आधी बर्डीच्या चौकापर्यंत शेअर ऑटो, मग तिथून बस. आणि शेअर ऑटो सीटा भरल्याशिवाय हलत नाही. पहाटेच्या अंधारात सवाऱ्या यायच्या कुठून? ऑटोवाला "बर्डी, बर्डी" ओरडत राहतो आणि आम्ही मागे एकमेकींच्या खांद्यावर डोकं टाकून बसतो. पोचेपर्यंत झिरो पिरियड अर्धा संपलेला असतो, आणि उशिरा येणाऱ्यांनी वर्गाबाहेर उभं राहायचं हा नियम. म्हणजे सगळ्यांच्या आधी उठायचं, आणि भिंतीला टेकून उभ्या-उभ्या पेंगायचं! पुढे खऱ्या तासांना फळ्यावरचं गणित डोळ्यांसमोर विरघळत जातं. मागच्या चाचणीत मी पेपरवरच झोपले. लाळेनं दोन उत्तरं पुसली गेली.

हे सगळं सांगितलं मी. लाळेचंसुद्धा. शेवटी म्हटलं, "मॅडम, हे ठरवताना आम्हाला कोणी का नाही विचारलं?"

मॅडम रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या खुर्चीत मागे टेकल्या. "अगं, पालकसभेत ठराव झाला. मीही त्या तासासाठी घरचं सगळं टाकून येते. आणि सगळ्यात आधी हात कोणी वर केला माहीत आहे? तुझ्या वडिलांनी."

कामिनीनं माझी ओढणी खाली खेचली. "बस आता."

मी बसले.

परतीच्या ऑटोत ती म्हणाली, "घरचाच माणूस निघाला ना वं!" एरवी मी उलटून चार शब्द सुनावले असते. त्या दिवशी डोळेच उघडे राहत नव्हते.

पप्पा लाइनमन आहेत. संध्याकाळी ड्युटीवरून येऊन, बूटही न काढता, दारातल्या खुर्चीत बसले होते. आई कुकर लावत होती.

"पप्पा, तुम्ही काहून हात वर केला?"

त्यांना आधी कळेचना. कळलं तेव्हा ते खाली वाकून लेस सोडत बसले.

"तिथं सारे डॉक्टर-वकील बसून राहिले होते बेटा. मी मागच्या रांगेत. आजवर कधी तोंड उघडलं नाही. मॅडमनं विचारलं, जादा तासाले कोण तयार आहे? मले वाटलं, आपण गप बसलो तर म्हणतील, याह्यले पोरीच्या शिक्षणाचं काय पडलं आहे. म्हणून झटक्यानं हात वर केला. मग साऱ्यांनी केले. मॅडमनं माह्यं नाव विचारलं."

हे सांगताना त्यांचा चेहरा जरा उजळला. तेच मला बघवेना.

"पण मी तर वर्गाच्या बाहेर उभी राहून राहिली ना."

"हे तू सांगितलंच नाही कधी."

"तुम्ही विचारलंच नाही."

आई मधे पडली. "एवढी दहावी काढ वं माय. आम्हाले असा जास्तीचा तास भेटला असता तर नाचलो असतो आम्ही."

"आई, तो तास मले भेटतच नाही. नुस्ता ऐकू येते, दरवाजाच्या फटीतून."

माझ्या डब्यासाठी आई माझ्याही आधी उठते. पप्पा मला ऑटोपर्यंत सोडून येतात आणि मग खांबावर चढायला जातात. तिघांच्याही डोळ्यांखाली काळं झालं होतं आणि भांडायची ताकद तिघांतही नव्हती. कुकरची शिट्टी झाली तरी कोणी उठलं नाही. शेवटी मीच गॅस बारीक केला.

"पप्पा, आई, ऐका," मी म्हटलं. "सोमवारपासून मी झिरो पिरियडले जाणार नाही. उजेड पडल्यावर निघीन आणि शाळेच्या वेळेवर पोचीन. मॅडमले मीच सांगतो. तुमचा हात तुम्ही खाली घ्या का नका घेऊ, ते तुमचं. माह्यं मी ठरवलं."